पाळणेवाल्याची वही

जत्रेतला पाळणा पाहून वाटते ती भीती ही गंमतीतली भीती असते. वर गेल्यावर पोटात गोळा यावा, किंचाळावे, आणि खाली उतरताच पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभे राहावे, एवढ्यासाठीच आपण पैसे मोजतो. खरी भीती पाळणेवाल्याने आपल्या वतीने बाळगायची, असा हा अलिखित करार आहे.

14 जुलै 2019 रोजी, रविवारी, अहमदाबादेत तो करार मोडला. कांकरिया तलावाकाठच्या बालवाटिकेत लंबकासारखा झुलणारा एक अजस्र पाळणा चालता चालता तुटला आणि माणसांसकट खाली आदळला. 2 माणसे दगावली, 29 जखमी झाली. सुट्टीच्या दिवशी हौसेने आलेली, तुमच्याआमच्यासारखीच माणसे ती!

माझा जन्म रेल्वेच्या कारखान्यात गेला. कांकरियाचे निदान मी घरबसल्या करणार नाही. पण लोखंडाची रीत मला ठाऊक आहे. एकच दांडा एकदा इकडे, एकदा तिकडे वाकत राहिला, की हजारो हेलकाव्यांनंतर जोडापाशी केसाएवढी चीर पडते. वरून ताजा रंग फासला तर ती दिसायचीही नाही. म्हणून गाडीचे आस आम्ही नुसत्या डोळ्यांनी पाहून सोडत नसू. त्यांतून ध्वनिलहरी सोडून आतली खबर काढीत असू.

आता कायद्याचे पाहा. कांकरियाच्या प्रकरणी पोलिसांनी 6 जणांना धरले ते भारतीय दंडविधानाच्या 304 कलमाखाली. त्याच्याच शेजारी 304-अ होते. दिसायला एका अक्षराचा फरक. पण निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्या 304-अ ला फार तर 2 वर्षे, आणि मरण ओढवू शकते हे जाणून केलेल्या कृत्याला 304 खाली 10 वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पासून नवी न्यायसंहिता आली, तिच्यात निष्काळजीपणाची शिक्षा 5 वर्षांपर्यंत गेली. तरी सगळा खटला अडतो तो त्या एका शब्दावर: जाणीव. माणसाच्या मनात काय होते हे कोर्टाने कशावरून ओळखायचे?

अमेरिकेतसुद्धा हे सोपे गेले नाही. 2016 साली कॅन्सस राज्यात, जगातली सर्वांत उंच म्हणून मिरवलेल्या पाण्याच्या घसरगुंडीवर 10 वर्षांचा मुलगा गेला. कुटुंबाला भरपाई मिळाली, सुमारे 2 कोटी डॉलर. फौजदारी खटला मात्र 2019 मध्ये निकालात निघाला, कारण आरोप ठेवणाऱ्या पंचांपुढे नको तो पुरावा मांडला गेला होता.

आमच्या मानखुर्दला दिवाळीच्या सुमारास एका मोकळ्या जागेवर आकाशपाळणा उभा राहतो. गेल्या वर्षी नातीला घेऊन गेलो. ती वरचे दिवे पाहत होती, मी खालचे बोल्ट. एका पिनेला खिळ्याने अडसर घातलेला दिसला, तेव्हा पाळणेवाल्याला विचारले, "भाऊ, तपासणीची वही असते का तुमच्याकडे?"

"वही कशापायी, काका? सकाळीच नारळ फोडलाय," तो म्हणाला. मग माझा चेहरा पाहून जरा जवळ आला. "आणि पिन झिजली म्हणून लिहून ठेवलं, तर उद्या काही झाल्यावर तीच वही माझ्या गळ्यात की हो!"

माणूस अडाणी नव्हता. जाणीव म्हणजे काय, हे त्याला वकिलाइतकेच नेमके कळले होते. मी म्हटले, "पिन झिजली, म्हणून चाक थांबवलं आणि पिन बदलली, असं तिन्ही लिहा. मग ती वही गळ्यात नाही पडायची, तुम्हालाच सोडवील." त्याने मान डोलावली. मागे रांग वाढत होती; भोंग्यावर गाणे लागले होते. खिळा जागच्या जागी होता.

नातीला कुल्फी घेऊन दिली आणि परत फिरलो. तिने ती कुल्फी शेवटपर्यंत खाल्ली, पण घर येईतो माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.