उन्हाळ्यातलं गोवर्धन

कसारा घाट चढून आल्यावर इगतपुरीला जो गारवा लागतो, तो नाशिकपर्यंत टिकत नाही. म्हणून पांडवलेण्यांकडे नेणाऱ्या त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या सकाळी लवकर चढून घ्याव्यात. एप्रिलअखेर दहानंतर तिथला कातळ तापू लागतो. आम्ही निघालो होतो वाइन चाखायला, पण आधी पांडवलेण्यांत जायचा हट्ट माझा होता, आणि बरोबरच्या मंडळींनी तो कुरकुरत मान्य केला.

या बौद्ध लेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण नाणी विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेव म्हणून ठेवली. दोन हजारांवर व्याज दरमहा शेकडा एक, उरलेल्या हजारावर पाऊण. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी. हिशेब करून पाहा, पै न पै जुळते. आणि या श्रेणी कुठल्या? गोवर्धनच्या. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा कोरली आहे, तीही गोवर्धनच्या अमात्याला उद्देशून. सतराव्या लेण्याचा दाता तर इंद्राग्निदत्त नावाचा उत्तरेकडचा यवन.

म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथे बाजारपेठ होती, सावकारी होती आणि परदेशी माणसांची ये-जा होती. त्याच काळातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे, आणि इटलीच्या वाइनला जास्त मागणी असल्याची नोंदही आहे. प्रवरेकाठच्या नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात दोन कानांच्या रोमन कुंभांचे तुकडे निघाले. अशा कुंभांतून वाइन आणि तेल यायचं. गोवर्धनच्या एखाद्या श्रेष्ठीच्या घरी त्यातलं काही पोचलं असेल का, हे सांगणारा लेख मात्र कुणी कोरून ठेवलेला नाही.

हे गोवर्धन आजही आहे, गंगापूर रस्त्यावर, गोदावरीच्या काठी. सुला वाइनरी याच गावाच्या शिवारात आहे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा, पण हिरवं काही दिसेना. खरड छाटणीचे दिवस. पेठ-सुरगाण्याकडची मजूर मंडळी कात्र्या घेऊन ओळीने पुढे सरकत होती. वेलाच्या प्रत्येक काडीला एकेक-दोनदोन डोळे ठेवायचे, बाकी सगळी काडी खाली. एका बाईंना विचारलं, “मावशी, एवढं सगळं कापलं तर मग राहिलं काय?” त्या हात न थांबवता म्हणाल्या, “राहिलं तेच फुटतं ना, भाऊ. आता काडी, ऑक्टोबरात पुन्हा छाटायचं, मग माल.” फ्रान्सात कडाक्याची थंडी वेलाला झोपवते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून कात्रीने त्याचं वर्ष आखून द्यावं लागतं. चौदाव्या शतकात दौलताबादेला आलेल्या इब्न बतूताने इथली द्राक्षं वर्षातून दोनदा येतात असं लिहून ठेवलंय. आजचा बागायतदार त्यातलं एकच पीक घेतो आणि वेलाचा बाकीचा जोर काडीत साठवतो.

नाशिकच्या द्राक्षांची सुरुवात ओझरची, 1925च्या सुमाराची. पण ती खाण्याची द्राक्षं. ऐंशीच्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी नारायणगावला फसफसणारी वाइन करून ती परदेशी पाठवली, तेव्हाही नाशिककर आपल्या खाण्याच्या थॉम्पसन द्राक्षांच्या घडांतच खूश होते. नव्वदच्या दशकात सुलाचे राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून घरच्या जमिनीवर आले आणि त्यांनी सोव्हिन्यों ब्लां आणि शेनँ ब्लां ही वाइनची द्राक्षं लावली. पहिल्या बाटल्या 2000 साली बाहेर पडल्या. पुढच्याच वर्षी राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, आणि मग वाइनऱ्यांची रांग लागली.

सुलात चाखायच्या टेबलाशी ओळीने पेले मांडले होते. सोव्हिन्योंचा पेला नाकाशी नेला की आधी पेरूचा वास, मग कापलेल्या ढोबळी मिरचीचा. हा हिरवा वास उन्हात राखणं सोपं नाही, कारण द्राक्ष पिकत जातं तसा तो उतरतो, आणि आम्लही उष्णतेत भराभर उतरतं. म्हणून ती वेळेआधीच, पहाटेच्या गारव्यात तोडतात. मग थंड ठेवलेल्या पोलादी टाक्यांत रस सावकाश आंबवतात. वाइन छान आहे, पण पहिला पेला संपला की माझा तरी उत्साह संपतो.

शेनँचं तसं नाही. मूळची ही फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली, पण उन्हातही आम्ल टिकवून धरते, आणि म्हणून नाशिकला मानवली. किंचित गोडसर, अननसाची आणि पिकल्या पेरूची चव, शेवटी लिंबाचा झटका. जाणकार तिच्याकडे ‘नवशिक्यांची वाइन’ म्हणून बघतात. बघोत. मे महिन्यात नाशिकची एकच बाटली घ्यायची तर मी शेनँच घेईन. गंगापूर धरणाच्या बाजूला यॉर्कची वाइनरी आहे, तिथली शेनँ मला जरा कोरडी आणि जास्त नेटकी वाटली. दोन्ही शेजारी ठेवून चाखाव्यात. एकाच द्राक्षाचे दोन स्वभाव कळतात. झिनफंडेलची गुलाबी रोझे दिसायला गोड, प्यायला बरी, पण ती अगदी गार हवी. कोमट झाली की औषधासारखी लागते.

लाल वाइनबद्दल ‘खोलीच्या तापमानाला द्यावी’ असं जे सांगतात, ती खोली युरोपातली. नाशिकच्या एप्रिलमधली खोली पस्तीस अंशांची. इथे लाल बाटलीसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच उघडावी. पांढरी मात्र प्यायच्या दहा मिनिटं आधी फ्रीजबाहेर काढावी, नाहीतर वासच लागत नाही.

दुपारी मिसळ. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर लाल तर्री, बाजूला दही आणि पापड. पुस्तकी वाइनवाले नाक मुरडतील, पण तिखटाबरोबर तुरट लाल वाइन म्हणजे आगीत तेल. गार, गोडसर शेनँ मात्र जिभेवरचा जाळ खाली उतरवते. रसवंतीचा उसाचा रस हेच काम करतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. आमरसाबरोबर मात्र कोणतीच वाइन नको. आंबा इतका गोड की त्यापुढे लेट हार्वेस्टसारखी गोड वाइनही आंबट वाटते.

जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा राज्यभर केवढं रान उठलं होतं. वाइन म्हणजे दारूच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच चाखणारा माणूस गाडी चालवणारा नको, एवढं पथ्य आम्ही पाळलं. आमचा चालक दिवसभर ताकावर होता आणि त्याने आम्हाला ते परतीच्या वाटेवर वारंवार ऐकवलं.

बाटल्या घेतल्यात तर डिकीत टाकू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी इतकी तापते की दोन तासांत वाइन शिजते. बूच वर सरकतं आणि चव उकडलेल्या फळासारखी होते. आमच्या सहा बाटल्या ओल्या पंच्यात गुंडाळून पुढच्या सीटखाली, एसीच्या झोतात ठेवल्या होत्या. त्यापायी मागे बसलेल्यांना घोटीपर्यंत घाम पुसत बसावं लागलं.