जाळीची दुर्बीण

दुर्बीण म्हटली कीं आम्हां जुन्या वळणाच्या लोकांच्या डोळ्यांपुढें कांच उभी राहते. त्यामुळें नारायणगांवाजवळच्या खोडद येथील तारांच्या त्या प्रचंड थाळ्यांस दुर्बीण कां म्हणावें, हेंच आम्हांस प्रथम उमगेना. थाळी ४५ मीटर व्यासाची, पण तिच्यांतून पलीकडचें आभाळ खुशाल दिसतें! पोलादी तार अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् जाड, आणि जाळीचीं भोंकें एक ते दोन सेंटिमीटरांचीं.

सारें चातुर्य या भोंकांतच आहे. येथें टिपावयाच्या लहरी वीतभरापासून दोन मीटरांपर्यंत लांब. एवढ्या लहरीस बोटभर भोंक जाणवतच नाहीं. तिच्या लेखीं जाळी म्हणजे गुळगुळीत आरसा. वारा मात्र आरपार जातो. वाऱ्याचा रेटा कमी म्हणून सांगाडा हलका, आणि सांगाडा हलका म्हणून खर्च थोडा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची ही काटकसर कृपणाची नव्हे. अवचित पाहुणे आले असतां आहे त्याच पिठांत भागविणाऱ्या गृहिणीची आहे. १९७० सालीं पुरी झालेल्या उटकमंडच्या दुर्बिणीसाठीं त्यांनीं अशी टेंकडी हेरली कीं जिचा उतार तेथील अक्षांशाइतकाच, सुमारें ११ अंशांचा. दुर्बिणीचा आंस पृथ्वीच्या आंसाशीं आपसुक समांतर झाला, व ती एकाच आंसाभोवतीं फिरवून आकाशांतील एकच बिंदु तासन्‌तास धरून ठेवतां येऊं लागला. टेंकडी कोणास घडवावी लागली नाहीं!

पण लांब लहरीस एक शाप आहे. मीटरभर लहरीनें पाहूं गेल्यास एकट्या थाळीस शेजारीं शेजारीं ठेवलेले दोन पूर्णचंद्रही निराळे ओळखूं येणार नाहींत. म्हणून खोडदच्या थाळ्या तीस: चौदा मध्यभागीं सुमारें एक किलोमीटरच्या चौकांत, उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय्’ अक्षराच्या तीन फांट्यांवर, २५ किलोमीटरांच्या विस्तारांत. दाटीतल्या थाळ्यांना पसरट मेघ दिसतात, दूरच्यांना बारकावे. तिसांच्या जोड्या होतात ४३५. आणि पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडी आकाशाकडे नव्या कोनांतून पाहते.

खरी अडचण आहे ती आम्हां माणसांची. मोटारीची ठिणगी, विजेची तार, खिशांतला मोबाइल, हीं सारीं त्याच आकाशांत ओरडतात, आणि अब्जावधि वर्षें चालत आलेली कुजबुज त्यांत बुडून जाते. ही जागा निवडतांना तिची शांतता मुद्दाम पाहिली होती. परंतु आसपासच्या गांवांसही पुण्यास शिकणाऱ्या मुलीशीं चार शब्द बोलावयाचे असतात. त्यांनीं गप्प बसावें असें सांगण्यास आमची जीभ रेटत नाहीं, आणि दुर्बिणीनें बहिरें व्हावें असेंही म्हणवत नाहीं.