आंबोलीला जाण्याआधी

कतारगाम, सुरत

चि. निखिल,

नवी मॅक्रो लेन्स घेऊन तू आंबोलीला बेडकांचे फोटो काढायला निघालास, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. पहिला पाऊस झाला की इकडे सखल जागी पाणी साचतं आणि मोठे बेडूक पिवळेधमक होऊन, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडत बसतात. विणीपुरता रंग तो, लगेच उतरतो. तुझे बेडूक मात्र इवलेसे, त्यांच्या अगदी जवळ जावं लागणार.

माझं आयुष्य हिऱ्यांना पैलू पाडायच्या घंटीवर गेलं. १० पट मोठं दाखवणारी आयग्लास डोळ्याला लावली, की हिरा जरासा हलला तरी पैलू धूसर होतो. तुझ्या लेन्सचंही तेच. एवढ्या जवळून एक-दोन मिलिमीटरच काय ते स्पष्ट येतं, म्हणून फोकस बेडकाच्या डोळ्यावर धर. छिद्र एफ ११च्या आसपास ठेव. फ्लॅशवर डिफ्यूझर लाव, नाहीतर ओल्या कातडीवर पांढरे डाग चमकतात. आणि खुशाल चिखलात पालथा पड, वरून काढलेल्या फोटोत नुसती पाठ दिसते.

हिरा चिमट्यात धरून हवा तसा फिरवता येतो. बेडकाला हात लावायचा नाही.

हे बजावून सांगतो, कारण मलबार ग्लायडिंग फ्रॉग बसलेला असला की नुसता हिरवा दिसतो. बोटांमधले तांबडे-नारिंगी पडदे पायांखाली मिटलेले असतात. ते दिसावेत म्हणून काही जण त्याला उचलून दुसऱ्या फांदीवर ठेवतात, पाय ओढतात, डिवचून उडवतात. मला याची चीड येते. तो तिथे आलेला असतो पाण्यावर वाकलेल्या पानांत फेसाचं घरटं करायला. शिवाय बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, पाणीही तिच्यातूनच शोषतो. तुझ्या हातावरचं डासांचं मलम थेट त्याच्या अंगात जाईल. बूटही धुऊन, वाळवून घाल. बेडकांच्या कितीतरी जाती संपवणारी काइट्रिड बुरशी ओल्या चिखलातून पसरते.

जांभ्याच्या सड्यावर गेलास तर पाय जपून टाक. पिवळ्या पट्ट्यांचा आंबोली टोड तिथल्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. संशोधक बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली त्याची नवी जात म्हणून नोंद केली. आज तो नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे.

मिटलेल्या पायांच्या बेडकाचा फोटो आला तरी तोच मला पाठव. पोटाच्या कडेला तांबड्याची एखादी रेघ डोकावत असेल तर मी ती आयग्लास लावून शोधेन. गाडी कोण चालवणार आहे? रात्री पावसात घाटातल्या रस्त्यावर बेडूक येतात, त्याला हळू चालवायला सांग.

तुझा
मामा