काढून टाकण्याआधी मोजा

आज जरा लांब लिहितोय. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण पैसा आपल्या शाळांचा, ग्रामपंचायतींचा आणि पतसंस्थांचा आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ७ चा तर १४ जानेवारी २०२० लाच संपला होता. आता विंडोज ११ टाकायचं म्हटलं, तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. मी ज्या लॅबमध्ये जातो, तिथं तिसऱ्या-चौथ्या पिढीची मशिनंच जास्त दिसतात. त्यामुळं सध्या नांदेडपासून लातूरपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं, "जुनी झाली, काढून टाका, नवीन घ्या."

माझं म्हणणं एवढंच आहे की काढण्याआधी मोजा.

मी नांदेडात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. लोहा, कंधार, मुखेड, अहमदपूर या भागात फिरणं असतं. मशीन किती पळतं हे मोजायला काही वर्षांपूर्वी मी स्वतःपुरता एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो लाखभर आकडे क्रमानं लावतो, एक मोठी फाईल डिस्कवर लिहून परत वाचतो, एक फाईल दाबून लहान करतो आणि मराठी मजकुराचं एक लांब पान उघडतो. प्रत्येक कामाला किती वेळ लागला ते सांगतो. बस्स. आता तो माझ्याशिवाय आणखी काही दुरुस्तीवाले आणि दोन-चार शिक्षकही वापरतात.

"बाजारात एवढे तयार प्रोग्राम असताना हे कशाला?" असं बरेच जण विचारतात. गीकबेंचचंच उदाहरण घ्या. चांगला आणि जगभर वापरला जाणारा प्रोग्राम आहे. पण त्याची २०२३ साली आलेली सहावी आवृत्ती विंडोज १० च्या खाली चालतच नाही. दुसरं म्हणजे तिची पट्टीच वेगळी आहे. पाचव्या आवृत्तीत आय३-८१०० या प्रोसेसरला १००० गुण धरले होते, सहाव्या आवृत्तीत आय७-१२७०० ला २५०० धरले. दोन्हीतले आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, हे कंपनी स्वतःच सांगते. कंपनीच्या जागी ते बरोबरही आहे, नवीन मोबाईल आणि नवीन मशिनं मोजणं हा तिचा धंदा आहे. पण जुनी दहा मशिनं ठेवायची की काढायची, हे ठरवणाऱ्या मुख्याध्यापकाला त्याचा उपयोग काय?

पट्टी बदलली की काय होतं, हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. निजामाच्या राज्यात आपला हाली शिक्का चालायचा आणि बाहेर कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब जुन्या माणसांना तोंडपाठ होता. जमिनीच्या जुन्या कागदावर फसली साल असतं, त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल निघतं. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. हा एवढा ताळा माहीत आहे म्हणून पणजोबाच्या नावचा कागद आजही कामाला येतो. ताळा विसरला असता तर कागद असून नसल्यासारखाच.

म्हणून माझ्या प्रोग्राममध्ये काही गोष्टी पक्क्या आहेत. एकदा ठरवलेली चाचणी बदलायची नाही. सुधारणा सुचली तर नव्या नावानं नवीन चाचणी जोडायची, जुनी आहे तशी ठेवायची. प्रत्येक निकालावर आवृत्तीचा आकडा आणि तारीख लिहायची. आणि आजच्या प्रोग्रामनं पहिल्या दिवसाची निकालाची फाईलसुद्धा उघडून दाखवली पाहिजे.

लिहायला सोपं आहे, सांभाळायला कटकटीचं. मी पायथनमध्ये लिहितो. पायथन ३.९ पासून पुढच्या आवृत्त्या विंडोज ७ वर बसत नाहीत, त्यामुळं मला ३.८ वरच थांबावं लागतं. नवीन सोयी दिसतात पण वापरता येत नाहीत. वापरायच्या असतील तर आधी प्रोग्रामनं विचारायचं, "बाबा, ही सोय तुझ्याकडं आहे का?" असेल तर नवीन रस्ता, नसेल तर जुना. म्हणजे एकच काम दोनदा लिहायचं आणि दोनदा तपासायचं. वेळ मोजण्याची भानगड वेगळीच. विंडोजच्या साध्या घड्याळाचा ठोका साधारण १५.६ मिलिसेकंदांनी पडतो. पाच मिलिसेकंदांचं काम त्यानं मोजलं तर उत्तर एकदा शून्य येतं, एकदा सोळा. त्यासाठी बारीक मोजणारं दुसरं घड्याळ वापरावं लागतं. निकाल इंटरनेटवरून न पाठवता पेनड्राइव्हवर घ्यावा लागतो, कारण जुन्या ब्राउझरमध्ये आजच्या बऱ्याच वेबसाईट उघडतच नाहीत.

माझा एक मित्र पुण्याला मोठ्या कंपनीत आहे. तो फोनवर म्हणतो, "कशाला त्या जुन्या डब्यांच्या मागं लागलाव? सोडून द्या की विंडोज ७. निम्मं काम कमी होईल."

त्याचं म्हणणं खोटं नाही. पायथन ३.८ चे सुरक्षेचे अपडेटही ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबले. जुनं धरून ठेवण्याची किंमत असते आणि ती कुणीतरी रात्री जागून भरतो. मीही कुठंतरी रेघ ओढलीच आहे. विंडोज एक्सपीसाठी नवीन काही लिहीत नाही. मात्र एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती जपून ठेवली आहे, कुणी मागितली तर देतो.

पण विंडोज ७ सोडायला मन धजत नाही, त्याचं कारण सांगतो. एका शाळेची बारा मशिनं निर्लेखनाला काढली होती. तपासणाऱ्यानं आपला नवीन प्रोग्राम पेनड्राइव्हवर आणला, तो विंडोज ७ वर सुरूच झाला नाही. अहवालात लिहिलं, "चाचणी होऊ शकली नाही." पुढच्या कागदावर त्याचंच "चाचणीत अनुत्तीर्ण" झालं आणि त्याच्या पुढच्या कागदावर "वापरण्यास अयोग्य". मशिनं भंगारात गेली. मी अहवाल पाहिला तोवर डेडस्टॉक रजिस्टरवर लाल रेघ पडली होती. शाळेचं नाव लिहीत नाही, शिक्षक भले आहेत. पण मी शेवटचं विचारलं तेव्हा लॅबला कुलूप होतं, नवीन मशिनांचा प्रस्ताव वर गेलेला होता आणि पोरं कॉम्प्युटरचा धडा फळ्यावर शिकत होती.

त्या बारापैकी किती मशिनं चांगली होती? आता कुणालाच सांगता येणार नाही. पण तशाच वयाची मशिनं मी दुसरीकडं मोजली आहेत. आकड्यांची चाचणी ठीक येते, डिस्कची चाचणी रडते. म्हणजे प्रोसेसर धडधाकट आहे, जुनी हार्डडिस्क दमली आहे. तिथं एसएसडी बसवली की तीन-चार मिनिटं घेणारं मशीन अर्ध्या मिनिटात उभं राहतं. मोजलंच नाही तर हा फरक दिसणार कसा?

मोजणारं साधन चाललं नाही आणि दोष मोजल्या जाणाऱ्याच्या नावावर पडला, हे फक्त कॉम्प्युटरचं होत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, आठवतंय? फोन २ जीबी रॅमचे, सारखे अडकणारे, आणि त्यावर पोषण ट्रॅकर चालवायचं होतं. बाई पोराचं वजन घेते, पण फोननं ते घेतलं नाही तर वरच्या स्क्रीनवर काय दिसतं? बाईनं काम केलं नाही. ॲप लिहिणाऱ्यानं सेविकेच्या हातातला फोन समोर ठेवून ते तपासायला हवं होतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. विंडोज ७ वर बँकेची कामं करा, असं मी म्हणत नाही. अपडेट नसलेलं मशीन इंटरनेटला जोडणं धोक्याचं आहे. त्यावर लिनक्स टाकता येतं, सी-डॅकचं बॉस लिनक्स आहे, नाहीतर इंटरनेटशिवाय टायपिंग आणि सरावाला ठेवता येतं. आणि खरोखर मेलेलं मशीन भंगारातच गेलं पाहिजे. फक्त ते मेलंय हे मोजून ठरवा.

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत, ग्रामपंचायतीत किंवा पतसंस्थेत असाल आणि असा प्रस्ताव समोर आला, तर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. प्रत्येक मशीन वेगळं तपासलं का? तपासणारा प्रोग्राम त्या मशीनवर खरंच चालला का? आणि नवीन डिस्क टाकली तर किती खर्च येतो, हे लिहून दिलंय का?

माझा प्रोग्राम ज्यांना हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, फुकट देतो. ३२ बिटचाही आहे. तुमच्या गावात अशी लॅब कुलूप लावून पडली असेल तर कमेंटमध्ये तालुका लिहा. रविवारी मी मोकळा असतो.