धावणाऱ्याच्या वाटेवर

जानेवारीतल्या त्या शनिवारी दिघीच्या धक्क्यावरून तरीने आगरदांडा गाठला आणि पुढे एस.टी.ने मुंबईस गेलो. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी दुसऱ्या दिवशी मुंबई मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर धावणार होता. "सर, शेवटाला सगळेच टाळ्या वाजवतात, तुम्ही शिवाजी पार्कापाशी उभे राहा," असे त्याने कळवले होते.

शर्यतीच्या दिवशी रस्ते बंद असतात, बेस्टच्या बसगाड्या वळवलेल्या असतात. पाहणाऱ्याला आधार लोकलचा. पहाटे दादरला उतरलो, चैत्यभूमीस वंदन केले आणि परतताना अडचण नको म्हणून रस्त्याच्या स्थानकाकडील बाजूस थांबलो. निम्म्याहून अधिक अंतर कापून तो आला. कडेच्या मेजावरून त्याने पाणी उचलले. देणाऱ्याने नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. २० मार्च १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यातील महाडला, अशाच ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चवदार तळ्यापर्यंत चालत गेली होती. तो धडा मी वर्षानुवर्षे शिकवला. त्या सकाळी तो डोळ्यांनी पाहिला.

मग धिमी लोकल धरून मरीन लाइन्स गाठले. समुद्रालगतच्या रस्त्यावर तो पुन्हा दिसला. पाय जड झाले होते. मला पाहून त्याने हात उंचावला.

शाळेच्या स्पर्धांत मी नेहमी अंतिम रेषेवर घड्याळ घेऊन उभा असे. यंदा घड्याळ सहकाऱ्याकडे दिले आणि मुले मागे पडतात त्या वळणावर पाण्याची घागर घेऊन थांबलो.