माळवदांचा मुलूख

२६ जुलै, ताबो

रिकाँग पिओहून निघालेली बस मलिंग नाल्यापाशी अडली. दरड उपसायला जेसीबी हजरच होता. इथला रोजचा गडी तो. ताबोला पोचेस्तोवर अंधार.

२७ जुलै, ताबो

शिखर नाही, कळस नाही. बाहेरून नुसत्या मातीच्या बैठ्या भिंती. पश्चिम तिबेटातल्या गुगेचा राजा येशे-ओ याने ९९६ मध्ये हा विहार उभारला. आत फोटोला मनाई. डोळे अंधाराला सरावले की डोक्याच्या वर, भिंतीतून निघालेल्या मूर्ती दिसू लागतात. त्याही मातीच्याच. खाली चित्रपट्टीत गुरू शोधत हिंडणारा, बौद्ध कथेतला सुधन. त्याच्या वाटेवरच छतातून उतरलेला मातकट ओघळ, बोटभर रुंद, रंग खात खाली गेलेला. १९७५ च्या भूकंपाचा मार या भिंतींनी सोसला. पण पावसाचं पाणी मातीत हळूहळू मुरतं, आणि मला तेच जास्त भयंकर वाटतं. हे स्पितीचं खोरं पर्जन्यछायेतलं. मान्सून इथे सहसा पोचत नाही, या भरवशावरच सगळं बांधकाम.

२८ जुलै, काझा

एटीएमची रांग, डिझेलचा वास. जेवण झकास.

२९ जुलै, लांगझा

मटारची तोडणी चालू. शेतांना पाणी बर्फ वितळून येतं, ते कुलांमधून, म्हणजे पाटांतून खेळवलेलं. पोरं अमोनाइट, म्हणजे दगड झालेले शंख, विकायला आली. मी घेतले नाहीत. ते जागेवरच राहावेत. शंखाचे वेढे मात्र बराच वेळ न्याहाळले. देवघरातला गंडकीचा शाळिग्राम याच कुळातला, टेथिस समुद्राच्या तळचा.

दुपारी पावसाची सर आली. घरमालकीण लगबगीने स्वयंपाकघरात पातेली मांडू लागली. छत मराठवाड्यातल्या माळवदासारखंच: लाकडी तुळया, वर विलोच्या काटक्या, त्यावर चोपलेली माती. बर्फ फावड्याने ढकलून देता येतो, पाऊस कसा ढकलणार?

“दीदी, पत्रा का नाही घालत?” मी विचारलं.

“शेजाऱ्यांनी घातलाय. थंडीत घर गारठतं.” मग वर बोट दाखवून म्हणाली, “आणि पत्रा उतरता. हा चारा, ही लाकडं कुठे रचू? हिवाळाभर गुरांना काय घालू?”

आम्ही दोघांनी मिळून पातेली सरकवली. एक गळती नेमकी चुलीवर होती.