पाण्याला वाट

देवगडजवळच्या आमच्या बागेभोवती आजोबा गडगा रचायचे. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते जांभ्याचे दगड. दगड बसवला की तळव्यानं त्यावर जोर द्यायचे आणि तो डुलेल तिथे छोटी चीप ठोकायचे. फटी मात्र बुजवू द्यायचे नाहीत. पावसाचं पाणी उतारावरून लोंढ्यानं येतं. अडलं, की गडगा ढकलला जातो. आधार कुठे द्यायचा आणि कुठे मुद्दाम द्यायचा नाही, हे मी तिथे पाहिलं.

शिकायला मुंबईत आल्यावर मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात वरचेवर जायचे. 1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय तेव्हा पोरासोरांनी गजबजलेलं असे. मासा दगडाआड गेला की माणसं पुढच्या काचेकडे सरकत. मी मात्र तो कुठून बाहेर येतो ते पाहत थांबायचे. दगडांच्या बुडाशी काय असेल, या कुतूहलापोटीच नोकरी लागल्यावर घरात खाऱ्या पाण्याची टाकी आणली.

अशा टाकीत दगड केवळ शोभेला नसतो. सच्छिद्र दगडाच्या पृष्ठभागावर राहणारे जिवाणू माशांच्या मलमूत्रातल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आतल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या पोकळ्यांत दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये समुद्रातल्या जिवंत खडकांच्या भरवशावर टाकी राखण्याची आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली होती. असे खडक बहुधा प्रवाळांचेच असतात आणि आपल्याकडे कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून मी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घेतले. पण दगड कुठलाही असो, मागच्या काचेला टेकवून ढीग रचला की पाणी कोंडतं आणि घाण तळाशी साचून सडते.

म्हणून आधी चौकट. पीव्हीसी पाइपाचे तुकडे, कोपरे आणि टी जोडून पाय करायचे. पाइपाच्या आत पाणी साकळू नये यासाठी त्याला भोकं पाडायची. दगड तीन ठिकाणी टेकला की डुलत नाही. वरचे दगड ॲक्रिलिकच्या सळीत ओवायचे. सगळं आधी कोरडं रचून, हलवून बघायचं. पाय तळाच्या काचेवर ठेवायचे आणि वाळू नंतर पसरायची, कारण बिळं करणारी कोळंबी दगडाखालची वाळू उपसते आणि वाळूवर उभी केलेली रास खचते.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तोंडाला नळी लावून पाण्यात डोकावले, तेव्हा कपारीखालून माशांची सतत ये-जा चालली होती. घरी आल्यावर मी चौकट उंच केली आणि दोन दगड काढूनच टाकले. पाणी खेळू लागलं. हळूहळू पाइपांवर जांभळट शैवालाचा कडक थर चढला; आता पाइप कुठला आणि दगड कुठला, ते चटकन कळत नाही.

लेक स्वतःची टाकी मांडते आहे. दगड किती घेऊ, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार ते आधी कागदावर काढ. दगडांची संख्या त्यातूनच ठरेल. वजन तोलणं हे आधाराचं निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं मोकळी जागा राखण्याचं, आणि जीव तगतात ते त्या जागेवर.